इंग्रजीच्या वर्गात बोलणं का अडतं? ॲक्टिव्हिटींबद्दल अनुभव हवेत

उंबरठा

मंडळी, ज्यांची मातृभाषा इंग्रजी नाही अशा प्रौढांना मी ऑनलाइन इंग्रजी शिकवते. गटात एक जपानी, दोन अरबी बोलणारे, ब्राझीलची एक बाई, दोघं व्हिएतनामी असा सगळा मेळा आहे. पातळी साधारण बी-वन, म्हणजे मधली. व्याकरणाचे स्वाध्याय बिनचूक करतात, लेखी काम वेळेवर देतात, ऐकलेलंही बऱ्यापैकी कळतं. पण "आता जोडीदाराशी या विषयावर बोला" म्हटलं की सगळे चिडीचूप.

धड्याच्या शेवटी ठरलेले प्रश्न असतात. तुम्हाला प्रवास आवडतो का? का आवडतो? शेवटचा प्रवास कुठे केलात? एक म्हणतो, "येस, आय लाइक." दुसरा म्हणतो, "मी टू." झालं, संपला विषय. उरलेला वेळ दोघं एकमेकांच्या चौकटीकडे बघत बसतात. मी ब्रेकआउट रूममध्ये (ऑनलाइन वर्गात जोडीला मिळणाऱ्या वेगळ्या खोलीत) डोकावले की तेवढ्यापुरतं काहीतरी पुटपुटतात.

तयार खेळांच्या याद्या नकोत, त्या पोत्याने मिळतात. कुठली ॲक्टिव्हिटी खरोखर चालते आणि का चालते, हे शिकवणाऱ्यांकडून ऐकायचंय. चुका कधी दुरुस्त करायच्या, यावरही लिहा. मी दर वाक्याला थांबवलं तर ते गप्प होतात आणि नाही थांबवलं तर त्याच चुका महिनोन्महिने चालू राहतात.

अनुस्वार

रुमाल टाकून ठेवतो. माझ्या वर्गात साठ मुलं आहेत, त्यामुळे कुणी मोठ्या वर्गाबद्दल लिहिलं तर उपकार होतील.

खडूफळा

उंबरठा, तुमच्या लोकांना बोलायला कारणच नाहीये हो. "प्रवास आवडतो का" याचं उत्तर कुणालाच नको असतं. विचारणाऱ्याला नको, ऐकणाऱ्याला नको, आणि तुम्हालाही नकोच. तुम्हाला फक्त त्यांनी बोलायला हवंय. हे त्यांना बरोबर कळतं.

एकाकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नसेल आणि ते मिळवल्याशिवाय हातातलं काम पुरं होणार नसेल, तरच बोलणं सुरू होतं. भाषाशिक्षणाचे अभ्यासक एन. एस. प्रभूंनी १९७९ ते १९८४ या काळात दक्षिण भारतातल्या शाळांमध्ये जो प्रयोग केला (बंगलोर प्रकल्प म्हणून तो जगभर ओळखला जातो) त्यात त्यांनी कामांचे तीन प्रकार पाडले. पहिल्यात माहितीची दरी असते: तुझ्याकडे आहे ते माझ्याकडे नाही. दुसऱ्यात तर्काची: दिलेल्या माहितीवरून काहीतरी काढायचं, म्हणजे वेळापत्रक बघून कुठली गाडी पकडावी ते ठरवणं वगैरे. तिसऱ्यात मताची. आता तुमचं पुस्तक बघा, ते उडी मारून थेट तिसऱ्यावर जातं. मत मांडणं सगळ्यात अवघड. विषय सुचायला हवा, मत असायला हवं, ते परक्यापुढे सांगायची तयारी हवी, आणि वर इंग्रजीही हवं! बी-वनच्या माणसाला एका वेळी एवढं कसं झेपणार?

माझं हुकमी काम सांगते. दोघांना आठवड्याची एकेक डायरी द्यायची. दोघांच्या डायऱ्या अर्ध्या भरलेल्या, नोंदी वेगवेगळ्या. दोघांना दीड तास भेटायचंय, तर वेळ ठरवा. डायरी दाखवायची नाही, एवढा एकच नियम. मग काय होतं ऐका:

"हाऊ अबाउट वेन्सडे आफ्टरनून?"
"सॉरी, आय हॅव डेंटिस्ट. अंटिल फोर."
"आफ्टर फोर?"
"आफ्टर फोर ओके. नो, वेट. फाइव्ह थर्टी आय मस्ट गो टू एअरपोर्ट. हाऊ फार इज युवर ऑफिस?"

हा "नो, वेट" आणि ऑफिस किती लांब हा प्रश्न मी शिकवलेला नव्हता. कामाने तो त्यांच्याकडून काढून घेतला.

पण डायरी बनवताना जरा लबाडी करावी लागते. दोघांना जुळणारी वेळ आठवड्यात एकच ठेवायची. तिच्या आधी दोन-तीन जागा अशा ठेवायच्या, की वरवर जुळतात आणि नीट विचारलं की फसतात. पहिल्याच झटक्यात वेळ जुळली तर बोलणं तिथेच संपतं. आणि कागदावर पूर्ण वाक्यं लिहायची नाहीत. लिहिलीत तर ते बोलणार नाहीत, वाचून दाखवतील. नुसती चित्रं, आकडे, एकेक शब्द द्या.

घोकंबहाद्दर

खडूफळाताई, लिहिलंय छान, पण थोडा वाद घालतो.

हीच डायरी मी पण वापरली आहे. माझ्याकडे संवाद असा झाला: "वेन्सडे?" "नो." "थर्सडे? थ्री?" "नो." "फ्रायडे?" "ओके." काम पूर्ण, टाळ्या, आणि इंग्रजी कुठे आहे? दरी भरायला भाषा लागतेच असं नाही. चार शब्द, हातवारे आणि हसू एवढ्यावर माणसं बरंच काही निभावून नेतात.

आणि प्रभूंचं नाव घेतलंत म्हणून सांगतो: त्यांनी स्वतः गटचर्चा टाळली होती. शिक्षक आणि पूर्ण वर्ग मिळून आधी एक काम सोडवायचे, मग तसंच दुसरं काम ज्याने त्याने एकट्याने करायचं. सारख्याच पातळीची मुलं आपसात बोलत राहिली तर मोडकंतोडकं इंग्रजीच पक्कं होईल, अशी त्यांना भीती होती. हे सोयीस्कररीत्या विसरलं जातं.

माणूस ओघात बोलतो तेव्हा सेकंदाला दोन-तीन शब्द तोंडातून पडतात. तेवढ्या वेळात काय सांगायचं ते ठरवायचं, शब्द शोधायचे, क्रम लावायचा आणि उच्चार करायचा. आपल्या भाषेत हे सगळं आपोआप होतं. परक्या भाषेत प्रत्येक पायरीवर अडखळायला होतं. म्हणून तयार तुकडे जिभेवर बसलेले हवेत. "वुड इट बी ओके इफ", "आय अॅम अफ्रेड आय कान्ट", "द थिंग इज" असे. ते पाठांतरानेच बसतात. घोका म्हटलं की हल्ली लोकांना अंगावर काटा येतो, म्हणून आयडीच हा घेतलाय. हलकंच घ्या.

निळावंती

मी शिकवत नाही, शिकते (जपानी). विद्यार्थ्याच्या बाजूचं एक सांगू का?

शिक्षक प्रश्न विचारतात आणि लगेच दुसऱ्याकडे वळतात. माझ्या डोक्यात वाक्याची जुळवाजुळव चालू असते, क्रियापद अजून यायचं असतं, तोवर पाळी निघून जाते. वरून "शी इज शाय" असा शिक्का. मी मुळीच लाजाळू नाही हो! मला फक्त वेळ हवा असतो.

आमच्या आताच्या बाई विषय देतात, एक मिनिट पूर्ण शांतता ठेवतात, कागदावर चार शब्द टिपू देतात (वाक्य लिहायला बंदी) आणि मगच बोलायला लावतात. एवढ्या एका मिनिटाने मी वेगळीच माणूस होते. दुसरं, मला स्वतःबद्दल सांगायचा कंटाळा येतो, पण हरवलेल्या बॅगेची तक्रार करणारी संतापलेली प्रवासी व्हायला सांगा, मी जोरात भांडते. चूक झाली तर ती त्या बाईची, माझी नाही.

खडूफळा

निळावंती, अगदी. शाळांमधल्या या घाईवर शिक्षण-संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात अमेरिकेत काम केलंय. विज्ञानाचे वर्ग होते. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबतात, असं त्यांना दिसलं. ते तीन सेकंद किंवा जास्त थांबू लागले तेव्हा उत्तरं लांब झाली, "माहीत नाही" कमी झालं आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. हे आपापल्या भाषेत शिकणाऱ्या मुलांचं. परक्या भाषेत बोलणाऱ्याला किती वेळ लागत असेल? उंबरठा, घड्याळ लावून एकदा पाहाच. तीन सेकंदांची शांतता शिक्षकाला केवढी लांब वाटते! आयएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेच्या तोंडी चाचणीतसुद्धा दुसऱ्या भागात आधी एक मिनिट तयारीला देतात, मग दोन मिनिटांपर्यंत बोलायचं असतं. परीक्षक देतात तेवढंही आपण वर्गात देत नाही.

घोकंबहाद्दर, तुमचा मुद्दा खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. कॅनडात फ्रेंच माध्यमाच्या वर्गांत वर्षानुवर्षं फ्रेंच ऐकणाऱ्या इंग्रजीभाषक मुलांना सगळं समजायचं, पण बोलताना व्याकरण ढिलंच राहायचं. त्यावरूनच भाषा-संशोधक मेरिल स्वेन यांनी १९८५ मध्ये मांडलं, की नुसतं समजण्याने भागत नाही, नेमकं बोलायला भाग पडलं पाहिजे. "वेन्सडे? नो." एवढ्यावर भागत असेल तर त्या कामाने भाग पाडलंच नाही. मग काम बदलायचं. डायरीत एक नोंद हलवता येणारी ठेवा, पण ती का हलवायची ते समोरच्याला पटवावं लागेल अशी. आता "नो" पुरत नाही, "कुड यू पॉसिबली मूव्ह इट, बिकॉज..." लागतं. तुमचे तुकडे इथे कामाला येतात. फक्त मी ते कामाच्या आधी घोकून घेत नाही. आधी एकदा अडू देते, मग तुकडे देते, मग तेच काम नवा जोडीदार देऊन पुन्हा. अडल्यावर मिळालेला शब्द विसरत नाहीत.

"पुन्हा" हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. आपण दर तासाला नवा खेळ आणतो आणि विद्यार्थी दर तासाला नवशिके राहतात. चार-तीन-दोन करून बघा. तीच गोष्ट पहिल्या श्रोत्याला चार मिनिटांत, दुसऱ्याला तीन, तिसऱ्याला दोन मिनिटांत सांगायची. श्रोता दर वेळी नवा असल्यामुळे सांगण्यात अर्थ राहतो. भाषाशिक्षणाचे अभ्यासक पॉल नेशन यांनी ही पद्धत बरीच रुजवली. तिसऱ्या फेरीत तीच माणसं न अडखळता बोलताना ऐकू येतात. त्यांचं त्यांनाच आश्चर्य वाटतं.

घोकंबहाद्दर

चार-तीन-दोनला माझा पूर्ण पाठिंबा, कारण ती सभ्य वेशातली घोकंपट्टीच आहे! पण एक गोम आहे. भाषा-संशोधक फ्रँक बोअर्स यांनी २०१४ मध्ये या पद्धतीची फेरतपासणी केली. वेळ कमी होत जातो तसे लोक तीच वाक्यं जशीच्या तशी उचलतात आणि त्यातल्या चुकाही फेरीगणिक पुढे नेतात. म्हणजे ओघ वाढतो, पण "शी गो" चं "शी गोज" होत नाही. पहिल्या आणि दुसऱ्या फेरीच्या मध्ये दोन मिनिटं थांबवून काहीतरी दुरुस्त करायलाच हवं.

दोरीउडी

मी अगदी छोट्यांना शिकवते, त्यामुळे वरचं बरंच डोक्यावरून गेलं. माझ्याकडे आधी नुसतं ऐकून हालचाल करणं असतं: उडी मारा, दाराला हात लावा, निळी वही डोक्यावर ठेवा. मानसशास्त्रज्ञ जेम्स ॲशर यांची पद्धत. बोलायची सक्ती नाही. काही दिवसांनी एखादं मूलच पुढे येऊन हुकूम सोडायला लागतं आणि मला उड्या मारायला लावतं. तिथून बोलणं सुरू. मोठ्यांना हे पोरकट वाटेल बहुतेक.

उंबरठा

बाप रे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांना धन्यवाद.

डायरीचं काम काल केलं. व्हिएतनामी मुलगा आणि ब्राझीलची बाई एका रूममध्ये होते. ठरलेली वेळ संपून गेली तरी त्यांचं चालूच होतं, आणि ती बाई त्याला "नो नो नो, यू सेड फ्रायडे इज फ्री!" म्हणून झापत होती. जपानी गृहस्थ मात्र अरबी जोडीदारापुढे फक्त "येस" म्हणत राहिले. जोडीदार बोलघेवडा आहे, दुसऱ्याच्या वाट्याचंही तोच बोलतो. त्याचं काय करू?

आणि चुकांचं राहिलंच.

खडूफळा

बोलघेवड्याला सगळ्यात रिकामा कागद द्या. ज्याच्याकडे माहितीच नाही, त्याला विचारावंच लागतं आणि ऐकावंच लागतं. जपानी गृहस्थांकडे भरलेला कागद. त्यांनी सांगितल्याशिवाय पान हलणार नाही. "तू जरा कमी बोल, यांना संधी दे" असं सांगून कुणी बदललेलं मी पाहिलं नाही.

आता चुका. रॉय लिस्टर आणि लैला रांटा या संशोधकांनी १९९७ मध्ये कॅनडातल्या वर्गांमध्ये शिक्षक चुका कशा सुधारतात याची नोंद केली. सगळ्यात जास्त वेळा शिक्षक काय करतात, तर मुलाचं चुकलेलं वाक्य स्वतःच बरोबर करून म्हणतात. "ही गो टू मार्केट येस्टरडे." "ओह, ही वेंट टू द मार्केट, गुड." आणि नेमका हाच प्रकार सगळ्यात वाया जातो, मुलाला वाटतं बाईंनी आपल्याला दुजोरा दिला. ज्या प्रकारांत मुलाला स्वतःच दुरुस्त करावं लागतं, म्हणजे "ही...?" म्हणून अर्ध्यावर थांबणं किंवा "सॉरी, व्हेन?" असं विचारणं, तिथे दुरुस्ती जास्त होते.

माझी रीत सांगते. काम चालू असताना मी तोंड उघडत नाही, समजण्यातच अडथळा आला तर गोष्ट वेगळी. कागदाला मधोमध रेघ. एका बाजूला ऐकलेल्या चुका, दुसऱ्या बाजूला ऐकलेली उत्तम वाक्यं. ही दुसरी बाजू लोक विसरतात. काम संपलं की पाच-सहा वाक्यं नाव न घेता फळ्यावर. त्यात एखाद-दुसरं बरोबर वाक्यही मिसळते आणि कुठलं दुरुस्त करायचं, कुठलं नाही, ते जोडीने ठरवायला सांगते. मग लगेच तेच काम दुसऱ्या जोडीदाराबरोबर. घोकंबहाद्दरांचा आक्षेप इथे मिटतो, कारण दुरुस्ती केलेली वाक्यं पाच मिनिटांत पुन्हा वापरावी लागतात. पुढच्या आठवड्यासाठी ठेवलीत तर गेलीच म्हणून समजा.

पाच-सहाच हं. वीस चुका फळ्यावर मांडून कुणाचं भलं झालेलं नाही.

राघू

उशिरा आलो. इथे अजून कुणी "ॲलिबाय" (गुन्हा घडला तेव्हा मी दुसरीकडे होतो, हा बचाव) हा खेळ कसा लिहिला नाही? भूतकाळ शिकवायला याच्या तोडीचं काही नाही.

काल रात्री आठ ते अकराच्या मध्ये चोरी झाली. संशयित दोघं. त्यांचं म्हणणं, आम्ही तेव्हा एकत्र होतो. दोघांना दहा मिनिटं बाहेर पाठवायचं (ऑनलाइन असेल तर वेगळी रूम) आणि संध्याकाळभर काय केलं याची गोष्ट पक्की करायला सांगायचं. तेवढ्या वेळात बाकीचा वर्ग पोलीस. ते प्रश्न तयार करतात. मग एकेकाला आत बोलवायचं, दुसरा बाहेरच. दोघांच्या जबानीत फरक सापडले की दोषी.

पहिले प्रश्न सगळ्यांचे सारखेच: कुठे गेलात, काय खाल्लंत, कधी परतलात. संशयितांनीही तेवढंच ठरवलेलं असतं, त्यामुळे ते निश्चिंत. मग एखादी शांत मुलगी विचारते, "हू पेड?" समोरचा गडबडतो. "आय पेड. नो, वी... बोथ." "कॅश ऑर कार्ड?" "व्हेअर डिड यू सिट, निअर द विंडो?" "वॉज इट रेनिंग व्हेन यू केम आउट?" एकदा का पोलिसांना चव लागली की प्रश्न थांबत नाहीत. "डिड यू वेंट" म्हणणारा स्वतःच "डिड यू गो" करतो, कारण संशयित मुद्दाम "आय डोन्ट अंडरस्टँड" म्हणून सटकायला बघतो आणि पोलिसाला तो धरायचाच असतो.

दोन सूचना. पोलिसांना उत्तरं टिपायला लावा, नाहीतर दुसऱ्या संशयिताच्या वेळी फरक कुणाच्याच लक्षात राहत नाही आणि खेळ फुसका होतो. आणि मोठा वर्ग असेल तर एकच खटला चालवू नका. प्रश्न विचारणारे पाच आणि बघे पंचावन्न, असं होतं. सहा-सातच्या टोळ्या करून एकाच वेळी सगळीकडे खटले चालवा. प्रत्येक टोळीत दोन संशयित, बाकीचे पोलीस.

अनुस्वार

राघू, पंचावन्न बघे! माझाच वर्ग बघून लिहिल्यासारखं वाटतंय. पण टोळ्या केल्या की जो गलका होतो त्याचं काय? शेजारच्या वर्गातून निरोप येतो.

खडूफळा

गलका होणारच, साठ जण बोलतायत! तरी आवाज खाली आणायचा असेल तर समोरासमोर दोन रांगा करा, गुडघ्याला गुडघा लागेल एवढ्या जवळ. अंतर कमी झालं की आवाज आपोआप उतरतो. घंटा झाली की एका रांगेने एक जागा सरकायचं, दुसरी रांग जागेवर. चार-तीन-दोन यात आपसूक होतं, आणि बाकं हलवायला जागा नसली तरी एकाआड एक बाकावरच्यांनी मागे तोंड करून बसलं की भागतं.

साठ जणांसाठी जिगसॉ बघा. मानसशास्त्रज्ञ इलियट ॲरन्सन यांनी १९७१ मध्ये अमेरिकेतल्या ऑस्टिनमध्ये सुरू केलेली पद्धत. तेव्हा भाषेशी संबंध नव्हता. शाळांमधलं वर्णभेदाचं विभाजन संपलं होतं आणि एकत्र आलेली मुलं एकमेकांशी फटकून वागत होती, त्यावरचा तो उपाय होता. एका मजकुराचे चार तुकडे करायचे. एकच तुकडा मिळालेली मुलं आधी एकत्र बसून तो नीट समजून घेतात, मग मूळ गटात परत जाऊन आपापला तुकडा सांगतात. कागद सोबत न्यायचा नाही. चौघांचं ऐकल्याशिवाय शेवटचे प्रश्न सुटत नाहीत. कच्चं मूलसुद्धा आपल्या गटात त्या तुकड्याचं एकमेव जाणकार असतं, आणि बोलण्याआधी ते आपल्यासारख्याच चौघांबरोबर एकदा सराव करून आलेलं असतं. अनुस्वार, तुकडे समान लांबीचे करायचा हट्ट नको. कच्च्याला छोटा पण अत्यावश्यक तुकडा द्या.

मातृभाषेवर बंदी घालावी का, असं कुणीतरी विचारेलच. साठ जणांवर ती पाळत कोण ठेवणार? शेवटी वर्गापुढे जे सांगायचं ते इंग्रजीत, एवढं पुरे.

घोकंबहाद्दर

उंबरठा, तुमच्या गटात एक फायदा आहे जो अनुस्वार यांच्याकडे नाही. तुमच्या लोकांची मातृभाषा एक नाही, त्यामुळे एकमेकांचे उच्चार त्यांना आपोआप समजत नाहीत. वापरून घ्या. जपानी माणसाचा "र" आणि "ल" यात घोळ होणार, अरबी बोलणाऱ्याचा "प" आणि "ब" यात, व्हिएतनामी शब्दाच्या शेवटचं व्यंजन गिळणार. एकाच भाषेच्या वर्गात हे खपून जातं, कारण ऐकणाराही तेच करतो.

वाटांचा नकाशा काढा. प्रत्येक वळणावर दोन शब्द: "राइट" ऐकलं तर डावीकडे, "लाइट" ऐकलं तर उजवीकडे. पुढच्या वळणावर "पॅक" आणि "बॅक". मग "सीट" आणि "सीड". अशी तीन वळणं झाली की आठ मुक्काम तयार होतात, त्यांना आकडे द्या. एकाने शब्द म्हणायचे, दुसऱ्याने वाट चालायची. सांगणाऱ्याला पोचवायचं होतं तीनवर आणि ऐकणारा पोचला सातवर, की दोघंही मागे जाऊन कुठे घसरलं ते शोधतात. शिक्षकाने "तुमचा प चुकतोय" म्हणायची गरजच पडत नाही. यात दरीही आहे आणि घोकंपट्टीही. खडूफळाताई, आता तरी मान्य करा.

खडूफळा

नकाशा मान्य. घोकंपट्टीवर अजून बोलू.

निळावंती

वाचनखूण साठवली. आमच्या जपानीच्या बाईंना ॲलिबाय सुचवणार आहे, संशयित मी.

उंबरठा

मग पुढच्या तासाचा बेत असा. आधी नकाशा दहा मिनिटं. मग राघूंचं ॲलिबाय, एकाच टोळीत, कारण माझे सगळे मिळून सहाच आहेत. संशयित म्हणून जपानी गृहस्थ आणि ब्राझीलची बाई. दहा मिनिटांच्या तयारीत निळावंतीचं ते शांततेचं मिनिट आधीच धरलंय. मग फळ्यावर पाच वाक्यं आणि संशयित बदलून दुसरा खटला.

शेवटची शंका. ऑनलाइन वर्गात दोघांना वेगवेगळे कागद द्यायचे कसे? स्क्रीन शेअर केली की दोघांनाही सगळंच दिसतं.

खडूफळा

शेअर करूच नका. रूममध्ये पाठवण्याआधी प्रत्येकाला खासगी चॅटमध्ये आपापल्या कागदाची लिंक द्या. एकाच फाइलची दोन पानं नकोत, दोन वेगळ्या फाइली करा. एकच फाइल असली की पहिल्या अडचणीला माणूस पुढचं पान उघडतो. लिंक उघडली का, हे मुख्य खोलीतच विचारून घ्या. आणि काय करायचं त्या सूचनाही त्याच कागदाच्या डोक्यावर दोन ओळींत लिहा, कारण रूममध्ये गेल्यावर तुमची स्लाइड त्यांच्यासमोर नसते आणि पहिली दोन मिनिटं "व्हॉट वी डू" यातच जातात. खटल्याच्या वेळी बाहेर ठेवलेला संशयित वेटिंग रूममध्ये असू द्या, ब्रेकआउट रूममध्ये नको. ब्रेकआउट रूममधून तो आपणहून मुख्य खोलीत येऊ शकतो, आणि संशयित लोक येतात.